टाकू का?

१

एसीच्या कामातलं सगळ्यात मोठं हत्यार कोणतं म्हणाल, तर मीटर नाही. तोंड. आउटडोर युनिट असतं खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर आणि त्याचा एमसीबी, म्हणजे चालू-बंदचा खटका, असतो घरात, पॅसेजमधल्या डब्यात. बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आतल्याला बाहेरचं. म्हणून आतला विचारतो, "टाकू का?" बाहेरचा म्हणतो, "टाक." मग आतला खटका वर करतो. बंद करायचं असलं की बाहेरचा ओरडतो, "काढ." आतला खटका खाली करतो आणि सांगतो, "काढलं." एवढंच. या दोन-चार शब्दांवर बाहेरच्या माणसाचे हात शाबूत राहतात.

आमच्यात बाहेरचा म्हणजे माझा नवरा आणि आतली म्हणजे मी, पूर्णिमा. लोकांना त्याची फार गंमत वाटते. "वहिनी मदतीला आल्यात वाटतं," असं म्हणतात. मी सांगते, मदतीला ते आलेत, वायरिंग माझं आहे. मी आयटीआयची इलेक्ट्रिशियन, ते गॅस आणि कॉम्प्रेसर बघतात. परळीहून पुण्यात आलो, विश्रांतवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि एका स्कूटरवर दोघं कामाला फिरायला लागलो. घरात आमचं रोज वाजायचं. कामावर कधी चूक झाली नाही.

नणंदेपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी मला एकच विचारलंय, त्या दिवशी डब्यापाशी कोण होतं? म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नका.

२

एप्रिलमधली सकाळ होती. हिंजवडीच्या पुढं एक नवी सोसायटी, तिच्यात नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. मालकीण श्यामलाकाकू, राहायला सदाशिव पेठेत, शाळेतून निवृत्त झालेल्या. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "चपला बाहेर. आणि लादी पुसून द्यायची जाताना. आम्ही पुसलेलीच देतोय तुम्हाला."

"पुसू की," मी म्हणाले.

"संध्याकाळी नवे भाडेकरू येतायत. त्यांना म्हणे गार हवा लागते. आम्ही जन्मभर पंख्याखाली काढला, मेलो नाही." मग आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही काम करताना बोलता का फार?"

"बोलावंच लागतं, काकू."

"मोजकं बोला. हे घर बंद असतं तरी शेजारीण सांगते, आत कुणी बोलतंय. तिला काही कामधंदा नाही. मी खाली सोसायटीच्या ऑफिसात बसते, तिथं निदान खुर्ची आहे."

आणि त्या गेल्या. घरात खरंच बसायला काही नव्हतं. हॉल रिकामा, बेडरूममध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गादी आणि भिंतीतलं कपाट. आमचे हे बेल्ट अडकवून बेडरूमच्या खिडकीतून छज्ज्यावर उतरले आणि मी पॅसेजमध्ये डब्याखाली उभी राहिले.

३

तक्रार साधी होती. कॉम्प्रेसर नुसता घूं घूं करायचा, उचलायचा नाही आणि ट्रिप व्हायचा. मी खटका खाली केला, "काढलं" म्हणाले. बाहेर यांनी पत्रा उघडला, कपॅसिटरमध्ये साठलेला करंट उतरवला, कॉम्प्रेसरच्या तिन्ही टोकांना मीटर लावून बघितलं.

"वाइंडिंग ठीक हाय," ते ओरडले. "कपॅसिटर फुगलाय नुसता. बदलतो."

म्हणजे कॉम्प्रेसर वाचला. मला बरं वाटलं, कारण नवव्या मजल्यावरून कॉम्प्रेसर उतरवायचा म्हणजे कंबरड्याचं काम. थोडा वेळ गेला. बाहेरून काही आवाज येईना, तेव्हा मी बेडरूमच्या दाराकडं तोंड करून विचारलं, "अहो, टाकू का?"

"टाक."

मी टाकलं. बाहेरून अशी शिवी आली की ती इथं सांगण्यासारखी नाही. खटका पाडून मी धावले. ते छज्ज्यावर भिंतीला पाठ लावून बसले होते.

"कुणी सांगितलं टाकायला? जुना काढायलो होतो मी. आत्ता पिन सोडली हातातून."

"तुम्हीच म्हणालात टाक."

"मी मरायला टाक म्हणू का?"

"मग मी काय स्वप्नात ऐकलं?"

"कान तपासून घे," म्हणाले आणि परत कामाला लागले.

मला राग आला. डब्याखाली परत येऊन मी डोकं चालवलं. भिंतीत तांब्याचे पाइप जायला भोक असतं, त्यातून कुठलाही आवाज कुठंही निघतो. वरच्या मजल्यावर गवंडीकाम चालू असेल, मिस्त्री कुणाला तरी म्हणाला असेल, पाणी टाक, सिमेंट टाक. आपल्याकडं दिवसभर कुणी ना कुणी काही ना काही टाकतच असतं. पटलं मला. पटवून घेतलं म्हणा.

४

नवा कपॅसिटर यांच्या हातात दिला आणि परत पॅसेजमध्ये आले. या खेपेला चांगला वेळ दिला. मग विचारलं, "अहो, टाकू का?"

"टाक गं."

माझा हात वर गेला होता. खटक्यावर बोट टेकलं होतं. तरी मी थांबले, ते त्या 'गं'मुळं. माझा नवरा वाईट माणूस नाही, पण लग्नाला आठ वर्षं झाली, त्यानं मला कधी 'गं' म्हटलेलं नाही. 'ए' म्हणतो, नाहीतर 'ऐकलं का' म्हणतो. हे 'टाक गं' इतकं मऊ होतं की मला, अगदी खरं सांगायचं तर, क्षणभर आवडलं. आणि आवडलं म्हणूनच शंका आली.

मी पाय न वाजवता बेडरूमच्या दारापर्यंत गेले. खिडकीतून हे दिसत होते. डोकं पत्र्याच्या आत, दोन्ही हात वायरींमध्ये आणि टेस्टर दातात धरलेला. दातात टेस्टर धरलेल्या माणसाला 'टाक गं' कसं म्हणता येईल, हे तुम्हीच करून बघा.

"अहो," मी हळूच म्हणाले. त्यांनी मान वळवली, टेस्टर तसाच दातात, आणि भुवया उडवल्या.

"आत्ता काही म्हणालात का?"

नाही म्हणून मान हलवली. मी खोलीत बघितलं. गादी, कपाट, लादीवर ऊन. कपाट उघडून बघितलं, त्यात वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता आणि एक हँगर.

५

त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "फोन लाव. मी खिशात स्पीकर चालू ठेवतो. फोनवर जे ऐकशील तेच माझं."

तसं केलं. मी फोन कानाला लावून डब्याखाली उभी राहिले. फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि स्क्रू फिरवल्याचा आवाज. मी म्हणाले, "अहो, टाकू का?"

फोनमधून आवाज आला, "थांब, नको."

आणि त्याच वेळी बेडरूममधून आला, "टाक गं. टाक की."

दोन्ही त्यांचेच आवाज. एकात खेकसणं होतं, दुसऱ्यात लाड. मी खटक्याजवळचा हात काढून पाठीमागं धरला, कारण माझा माझ्या हातावर भरवसा राहिला नव्हता. त्यांनाही ते ऐकू गेलं असावं. बेल्ट सोडून ते आत आले आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. सगळीकडं बघून झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं. मीही तेच केलं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही.

"चला," मी म्हणाले. "आपल्याला नाही करायचं हे काम. काकूंना सांगू, दुसरा बघा."

"कॉम्प्रेसरचं पोट उघडं टाकून जायचं? एक वायर लावायची राहिलीय. चालू करून अँपिअर बघायचे, पत्रा लावायचा, झालं."

"अहो, जीव मोठा की काम—"

"हे बघ, इथंच चुकायलंय," ते एकदम म्हणाले. "अहो काय नाव हाय का? भाजीवालापण अहो, कंडक्टरपण अहो. आई म्हणायची, बिननावाच्या हाकेला कुणीबी ओ देतं. तू नाव घेऊन हाक मार."

"फोन आहे की."

"वाकलो की खिशातून निसटतोय. नऊ मजले खाली जाईल. नाव घे."

६

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. आजकालच्या मुली नवऱ्याला सरळ नावानं हाक मारतात, अरे-तुरे करतात, चांगलंच आहे. पण मी परळीची, आणि नवऱ्याचं नाव वैजनाथ. सासूबाईंनी पहिल्याच सोमवारी सांगितलं होतं, देवळात गेलीस तरी देवाला महादेव म्हण, ते नाव तोंडात घेऊ नको. मी आयटीआय केलं, खांबावर चढले, मोटारी उघडल्या, पण ते एक मात्र पाळत आले. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच.

"उखाण्यात घेतलं तरी चालंल," ते म्हणाले. त्या तसल्या घरातही त्यांना थट्टा सुचली. मला हसू आलं आणि रडूही.

मग त्यांनी ठरवून दिलं. "इथनं पुढं या घरात तू अहो म्हणलीस तर मी ओ देणार नाही. कितीबी ओरडलीस तरी. नावानं हाक आली की तूच, असं धरणार. तूपण, हाकेत माझं नाव घेतलं नसशील तर आलेलं उत्तर धरू नको." मी हो म्हणाले. चांगली युक्ती आहे असं मला तेव्हा वाटलं, हे कबूल करते.

ते बाहेर गेले. वायर लावून झाल्यावर त्यांनी पत्र्यावर थाप मारली. मी डब्याखाली उभी राहून घसा साफ केला आणि म्हणाले, "वैजनाथ, टाकू का?"

तोंड भाजल्यासारखं झालं. घर गप्प होतं. नुसतं रिकामं घर गप्प असतं तसं नाही, कुणीतरी ऐकून घेताना गप्प होतं तसं. मग लांबून, खिडकीच्या बाहेरून, रोजच्यासारखा खरखरीत आवाज आला, "टाक."

मी टाकलं. कॉम्प्रेसरनं उचललं. आतल्या युनिटमधून गार वारा यायला लागला आणि मी पॅसेजच्या भिंतीला टेकून देवाचे आभार मानले.

७

"चालू दे थोडा वेळ," ते म्हणाले. "तू जाळ्या धुवून घे. मग काढ, मी वायरी घट्ट करून पत्रा लावतो."

मी इनडोरच्या जाळ्या घेऊन पॅसेजच्या टोकाच्या बाथरूममध्ये गेले. नळ सोडला. जाळ्यांवर वर्षभराची धूळ होती, ती निघता निघेना. मला घाई होती. काकूंची लादी पुसून उन्हात स्कूटरवर बसायचं, एवढंच डोक्यात होतं.

कॉम्प्रेसर थांबला. मला त्यात काही वाटलं नाही, खोली गार झाली की तो आपोआप थांबतो. पण थांबला म्हणजे वायरी मेल्या असं नसतं. खटका वर आहे तोवर बाहेर करंट असतोच. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, म्हणून ते आतून 'काढलं' ऐकल्याशिवाय कधी हात घालत नाहीत.

मी नळ बंद केला, आणि पॅसेजमधून माझा आवाज आला.

"वैजनाथ, काढलंय हं. घाला हात."

माझाच आवाज. कुणी नक्कल करतं तसा नाही. सणाच्या दिवशी, सगळं मनासारखं झालेलं असताना मी बोलते तसा. बाहेरून ते म्हणाले, "बरं."

मी दारात आले. डब्याखाली एक बाई माझ्याकडं पाठ करून उभी होती. ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, वेणी पुढं घेतलेली, म्हणून मान उघडी दिसत होती. ती मीच होते का, हे मला सांगता येणार नाही. स्वतःची पाठ कुणी कधी नीट बघितलेली असते? तिचे दोन्ही हात खाली होते. तिनं कशाला हातसुद्धा लावलेला नव्हता. खटका वरच होता.

मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "अहो, हात घालू नका. अहो!"

"ओ," बेडरूमच्या दाराआडून उत्तर आलं, अगदी जवळून. "बोल की गं."

खिडकीबाहेरून काही नाही. माझा माणूस शब्दाचा पक्का. मला नाव घ्यायचं होतं. मला माहीत होतं की नावच घ्यायचंय. पण घाबरलं की जीभ रोजच्या वाटेनंच जाते, आणि ती आठ वर्षं एकाच वाटेनं गेलेली. मी परत अहो म्हणाले. पुन्हा म्हणाले. ते बाहेर ऐकत असतील, आणि मनात म्हणत असतील की कितीबी ओरड, मी फसायचा नाही. माझ्या तोंडातून 'वै' एवढं निघालं आणि बाहेर पत्रा आपटला.

ती उभी होती त्या जागेतून धावत जाऊन मी खटका खाली ओढला. मला कुणाचा धक्का लागला नाही. जागा फक्त गार होती, पण गार का होती, हे एसीच्या माणसाला काय सांगायचं.

८

बेल्टनं वाचवलं. ते छज्ज्याच्या कडेला लोंबकळत होते. खालून वॉचमन कचरू आणि वरच्या मजल्यावरचे मिस्त्री धावत आले, त्यांनी ओढून घेतलं. वर खरंच गवंडीकाम चालू होतं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. सगळे म्हणतात, दोन बोटांवर निभावलं. डॉक्टर म्हणतात, काही वेळ मेंदूला रक्त पोचलं नव्हतं, तेव्हा थोडा विसराळूपणा राहील, घाबरू नका.

शुद्धीवर आल्यावर ते नणंदेसमोर म्हणाले, "हिनं सांगितलं, काढलंय, घाला हात. नाव घेऊन सांगितलं. आणि किती गोड बोलली." नणंदेनं माझ्याकडं जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी खरं ते सांगितलं. खरं सांगितल्यावर माणूस अजूनच खोटा वाटतो, असं ते होतं.

आता घरी आहेत. जेवतात, दुपारी झोपतात, खिडकीत बसतात. बहिणीला ओळखतात, घरमालकाला ओळखतात. मी "अहो" म्हटलं तर भिंतीकडं तोंड करून पडून राहतात, कारण तसं ठरलंय. एकदा धीर करून नावानं हाक मारली, तर त्यांनी लहान मुलासारखे दोन्ही हात पांघरुणात लपवले. म्हणजे माझ्याजवळ नवऱ्याला हाक मारायला शब्दच उरलेला नाही. मी ताटावर वाटी वाजवते. त्या आवाजानं ते येतात. याच्याएवढं वाईट मला कशाचंच वाटत नाही.

काल दुपारी मी त्यांच्या कॉटवर बसून त्यांचा हात पुसत होते. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. गॅस बंद होता, कुकर उतरवून ठेवलेला होता. मी तोंड मिटून बसले होते.

"अहो," स्वयंपाकघरातून माझ्याच आवाजात हाक आली. "या ना. ताट वाढलंय."

ते उठून बसले. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर मी हसू बघितलं नव्हतं.

"आलो गं," ते म्हणाले.

मी त्यांचा चांगला हात दोन्ही हातांनी धरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडं बघावं, तसं संकोचून बघितलं.

"अहो बाई, हात सोडा," ते म्हणाले. "आमची बायको हाक मारायलीय."